चढावरचा ठोकळा

मित्रांनो, चढावर उभ्या केलेल्या हातगाडीच्या चाकाखाली लाकडाचा एक तुकडा असतो ना, तो मी. आता जुना झालो आहे. सुताराने मला ओंडक्यातून कापले, पण रंधा मारला नाही. म्हणाला, "खडबडीतच राहू दे याला. हा काय मिरवायला आहे? अडवायला आहे."

माझा धनी तेलवाला. डब्यांनी भरलेली गाडी तो चढावरच्या दुकानांकडे ढकलत नेई आणि त्याची बायको बरोबरीने जोर लावी. गाडी थांबली की ती मला मागच्या चाकाखाली सरकवी. गाडीचे वजन गाडीला खाली ओढत राही आणि माझे खडबडीत अंग रस्त्याला घट्ट धरून बसे. दोघांची अशी ओढाताण चाले, म्हणून गाडी जागची हलत नसे. पाहणाऱ्याला वाटे, इथे काहीच घडत नाही.

"हा माझा धाकटा दीर," ती हसून म्हणे. "घरात ऐकणारा एवढा एकच!"

"मग आज ताट त्यालाच वाढ," तेलवाला म्हणे.

एकदा माझ्या कडेला वाळवी लागली. तिचा जीव कळवळला. तिने मला रात्रभर तेलात बुडवून ठेवले, सकाळी फडक्याने चोळून चकचकीत केले. वाळवी गेली. माझी पकडही गेली.

त्याच दिवशी चढावर मी चाकाखाली गेलो आणि घसरू लागलो. तेलवाला गाडीमागे डबा उतरवत होता.

"अगं, ठोकळा लाव!"

"लावलाय हो!"

एवढेच बोलणे झाले. सुटलेल्या गाडीला त्याने पाठ लावली. पण उतारावरची भरली गाडी माणसाच्या पाठीला ऐकत नाही. ती त्याला खालच्या भिंतीपर्यंत घेऊन गेली.

आता तो अंथरुणाला खिळला आहे. कमरेखाली त्याला काही जाणवत नाही. सगळ्यांनी चाकाला दोष दिला आणि चाक बदलले. ती मात्र मला अजून तेल लावते. "तू तरी धड राहा रे बाबा," म्हणते.

उद्या त्यांची लेक पहिल्यांदाच गाडी चढावर नेणार आहे. आज आईने मला पुन्हा चोळून तिच्या हाती दिले. "हा सोबत असला की भिऊ नकोस हं."

मित्रांनो, माझा आवाज त्या घरात पोहोचत नाही. तुमच्यापैकी कोणी त्या वाटेने गेलात, तर त्या माउलीला सांगा: याचे तेल पुसून काढा, याला कानशीने खरवडा, नाहीतर सरळ चुलीत घाला. पण याला असे जपू नका.