तीन वीसची बाई

दुपारचे तीन वाजून गेले होते आणि घड्याळवाल्या काकांच्या दुकानामागच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. माणसं दाटीवाटीनं जमिनीवर बसली होती. खिडकी काळ्या कागदानं झाकलेली, दाराला जाड पडदा. बाहेर लख्ख ऊन आणि आत डोळ्यांत बोट घातलं तरी कळू नये असा अंधार.

"खोकायचं नाही! शिंकायचं नाही! बाईला आवाज सोसत नाही!" मौनीबाबा ओरडले. बारा वर्षं मौन पाळलं म्हणे, म्हणून हे नाव. त्या बारा वर्षांची भरपाई ते आता एका दमात करत होते. "विज्ञानवाले यंत्र घेऊन आले, यंत्रं जळाली! डॉक्टर आले, हात जोडून गेले! का? कारण ही वरून येते, वरून! म्हणून उलटी येते!"

कुठली यंत्रं आणि कुठले डॉक्टर, हे विचारायचं कोणाला सुचलं नाही. खिडकीला पाठ टेकून उभे असलेले बाबा म्हणाले, "ये बाई, लेक वाट बघतेय," आणि दोन पावलं बाजूला झाले.

समोरच्या पांढऱ्या भिंतीवर ती आली. पांढऱ्या कपड्यातली बाई, पाय छताकडे, डोकं खाली. तिनं दोन्ही हात पसरले. ते हात भिंतीशी खुर्चीवर बसलेल्या चिमणीच्या डोक्यापर्यंत खाली आले. कोणीतरी हुंदका दिला.

पडद्याबाहेर, दुकानात, चुपी तो हुंदका ऐकत उभी होती. तिला आत जायला बंदी होती.

हे सगळं सुरू झालं होतं एका भुताच्या सिनेमापासून. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाचा सिनेमा, खिसे रिकामे, रात्रीचं चित्रीकरण परवडेना. तेव्हा डायरेक्टरनं शक्कल काढली की रात्रीचे प्रसंग दुपारीच उरकायचे, खिडकी काळ्या कागदानं झाकून. चिमणीच्या वडिलांनी, म्हणजे घड्याळवाल्या काकांनी, मागची खोली दिली. भूत झाली चिमणी. आवाजाचं काम चुपीकडे. प्रत्येक शॉटआधी ती "चूप!" म्हणून खेकसायची, त्यावरून पडलेलं हे नाव.

चौथ्या दिवशी, चुपी वायर आणायला बाहेर गेली असताना, डायरेक्टरनं दिवा घालवला, कॅमेरा चालूच राहिला, आणि चिमणी किंचाळली. डायरेक्टर खूश झाला. "काय ओरडलीस! असंच पुन्हा कर." पण ती अभिनय करत नव्हती. भिंतीवर एक धुरकट, पांढरी, उलटी बाई होती, आणि कॅमेऱ्यातही ती आली होती. चिमणीची आई नर्स होती, पांढरा गणवेश घालायची. तिला जाऊन दोन वर्षं झाली होती.

ती चित्रफीत गल्लीभर फिरली, आणि तिचा माग काढत मौनीबाबा हजर झाले. आल्या दिवशी ते खोलीत तासभर एकटे बसले. दुसऱ्या दिवसापासून बाई जास्त स्पष्ट दिसायला लागली. बाबांचं तेज, लोक म्हणाले.

एकट्या चुपीला मात्र ती भिंतीवर कधीच दिसली नव्हती. सुरुवातीला दोनदा ती खोलीत येऊन सवयीनं खिडकीशी उभी राहिली आणि दोन्ही वेळा बाई आलीच नाही. "हिच्या मनात मळ आहे," बाबांनी जाहीर केलं, आणि चिमणीच्या या जिवलग मैत्रिणीला खोलीबाहेर काढलं.

आज पडद्याआडून एकदम खुर्ची पडल्याचा आवाज आला. मग दातांवर दात आपटल्याचा. तो आवाज चुपी ओळखत होती. शाळेत असताना तिनं तो दोनदा ऐकला होता. ती पडदा ढकलून आत घुसली. चिमणी जमिनीवर पडून ताठ झाली होती, ओठ निळे पडले होते. चुपीनं तिला कुशीवर वळवलं आणि डोक्याखाली आपली ओढणी दिली. तीन वर्षांत चिमणीला एकही फिट आली नव्हती.

"काका, हिच्या गोळ्या?"

काकांनी मान खाली घातली. "बंद केल्या. चार दिवस झाले."

"गोळ्यांनी आईची वाट बंद होते!" बाबा गरजले. "आईनं लेकीला जवळ घेतलं, तर म्हणे फिट! उद्याचं दर्शन झालं की मी हिला माझ्याकडे घेऊन जातो. कायमची."

चिमणी शुद्धीवर आली तेव्हा तिनं चुपीचा हात बाजूला केला. "तू जा गं," ती पुटपुटली. "तू असलीस की आई येत नाही."

रात्रभर चुपीच्या डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी आपली वायर न्यायच्या निमित्तानं ती दुकानात गेली. काका कुठल्याशा घड्याळात डोकं खुपसून बसले होते. मागची खोली रिकामी होती. वायर गुंडाळता गुंडाळता तिचा हात खिडकीच्या कागदावरून फिरला आणि थबकला.

तिथे भोक होतं. ते तिचंच होतं. रस्त्यावरून गाडी आली की शॉट बिघडायचा, म्हणून पहिल्याच दिवशी तिनं पेन्सिल खुपसून कागदाला भोक पाडलं होतं. त्याला डोळा लावून ती गाडी दिसली की "थांबा" म्हणायची. पण तिचं भोक ओबडधोबड होतं. आता त्यावर पत्र्याचा तुकडा चिकटवलेला होता आणि पत्र्याच्या मधोमध बारीक, गोल छिद्र. तिनं डोळा लावला. समोर बेकरी, तिच्या दारात एक सायकल निघालेली. तिनं डोळा काढला आणि मागे वळून पाहिलं.

भिंतीवरून तीच सायकल चालली होती, चाकं वर करून.

चुपीनं छिद्रावर बोट ठेवलं, भिंत काळी झाली; बोट काढलं, रस्ता परत आला. वरून आलेला उजेड छिद्रातून खाली जातो, खालून आलेला वर. म्हणून भिंतीवर अख्खा रस्ता उलटा. शाळेत खोक्याला टाचणीनं भोक पाडून हेच तर केलं होतं! आणि तिला बाई दिसत नव्हती, कारण तिचा डोळा, नाहीतर तिचं अंगच, त्या भोकावर असायचं. बाबांनी तिची जागा पकडली होती. तिच्या डोळ्याचं काम आता त्यांची रुंद पाठ करत होती.

तिनं काकांना सांगितलं. काकांनी भिंगावरून मान वर केली. "बाबा म्हणालेच होते, तू असं काहीतरी बोलशील."

"काका, बाई रोज किती वाजता येते?"

"तीन वीस. एक मिनिट इकडेतिकडे नाही."

"आणि सोमवारी?"

"सोमवारी येत नाही. ढग आले तरी येत नाही, रागावते."

"बेकरी सोमवारी बंद असते, काका," चुपी म्हणाली. काकांनी हातातला चिमटा खाली ठेवला.

दुपारी कालच्यापेक्षाही गर्दी होती. दाराशी चिमणीची बॅग भरून ठेवली होती. डायरेक्टर आत, पहिल्या रांगेत बसला. त्याच्या खिशात चुपीचा बिनवायरीचा माइक होता. चुपी कानांवर हेडफोन चढवून, सिनेमातली लाल छत्री बगलेत मारून, रस्त्यापलीकडे बेकरीच्या दारात उन्हात उभी राहिली. कानात बाबांची बडबड येत होती, आणि त्याखाली चिमणीचा जड श्वास. गोळ्यांविना पाचवा दिवस. आत जाऊन तिला ओढून आणावं असं चुपीला वाटत होतं, पण तिनं पाय रोवले.

तीन वीसला बेकरीतली मावशी बाहेर आली. पांढरा ॲप्रन, पांढरी टोपी, हातात पिठाची ओली फडकी. पाव भट्टीतून निघाले की मावशी रोज ती फडकी वाळत घालायची. तिनं हात वर केले.

"आली!" हेडफोनमध्ये कल्लोळ झाला.

चुपी मावशीच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

"दोन बाया!" कोणीतरी किंचाळलं.

"पुण्यवान आहात!" बाबा गडबडले. "आज... आज बहीण आली!"

"बाबा, मी सांगितलेलं ही बहीण ऐकेल का?" हा डायरेक्टरचा आवाज. "छत्री उघड!"

चुपीनं छत्री उघडली.

"लाल! लाल काहीतरी उघडलं!"

"मीट!" तिनं मिटली. "उघड! नाच!" ती भर रस्त्यात नाचली. मावशी तोंडाला पदर लावून हसायला लागली.

"अरे, ही तर चुपी!" आत कोणीतरी म्हणालं, आणि लगेच, "अंधार का झाला? बाबा, खिडकीसमोरून बाजूला व्हा!"

"बाई कोपली! सगळ्यांचं वाटोळं होईल!"

"बाजूला व्हा." हा आवाज काकांचा होता, अगदी हळू. मग कागद टर्रकन फाटल्याचा आवाज आला. रस्त्यापलीकडे खिडकी उघडी पडली आणि तिच्यात काका दिसले, हातात पत्र्याचा तुकडा धरून. त्यांनी तो डोळ्याजवळ नेला. "छिद्र घड्याळजीच्या गिरमिटाचं आहे," ते म्हणाले. "माझंच गिरमिट. आठ दिवस मी शोधतोय." बाबांनी कधी पाय काढता घेतला ते कोणाला कळलंसुद्धा नाही.

चिमणी एकटीच दुकानातून बाहेर आली. भिंतीला धरत, सावकाश, रस्ता ओलांडून मावशीसमोर येऊन उभी राहिली. तिचा ॲप्रन, पिठानं माखलेले हात, सगळं नीट पाहिलं.

"मावशी, तुम्ही रोज हात वर करत होतात ते..."

"फडकी गं, पोरी. पिठाची फडकी."

चिमणी चुपीकडे वळली. "मला ती दिसत होती. आठ दिवस दिसत होती. तू ती परत नेलीस."

चुपीला रडू आवरेना. "माहीत आहे," ती म्हणाली. "भोकही मीच पाडलं होतं. पण तू काल निळी पडली होतीस, चिमणे. तुझी आई नर्स होती. तिनं तुझी एक तरी गोळी चुकू दिली होती का?"

चिमणीनं हात पुढे केला. काका मागोमाग आलेच होते, मुठीत गोळ्यांची पट्टी घेऊन. मावशीनं आतून पाणी आणलं.

सिनेमा पुढे पूर्ण झाला, आणि फारसा कोणाला भावला नाही. पण ती खोली अजून आहे. शाळेतली मुलं तिथे येतात, काका खिडकीला काळा कागद लावतात, गिरमिटानं छिद्र पाडतात आणि भिंतीवर उलटा रस्ता दाखवतात. प्रत्येक वेळी तेच सांगतात: "अंधारात काही दिसलं तर हात जोडायच्या आधी उजेड कुठून येतोय तेवढं बघा. आणि कोणी औषध बंद करायला सांगितलं, तर त्याचं एक अक्षरही ऐकू नका. मी ऐकलं होतं."