बटण रांगणार कधी?

बटणाला दहावा महिना लागला तरी ती रांगेना. बटण म्हणजे मास्तरांची लेक. शिंप्याच्या घरात लाडाचं नाव दुसरं काय सुचणार! खुळखुळा या हातातून त्या हातात घ्यायची, 'बाबा' म्हणायची, हसायची तर अशी की गिऱ्हाईक माप द्यायचंच विसरायचं. पण रांगायचं नाव नाही.

"पायांत काही दोष तर नसेल ना हो?" बायको काजं करता करता विचारी. "काहीतरीच काय!" म्हणत मास्तर उडवून लावत, आणि ती आत गेली की गुपचूप टेप लावून ते इवले पाय मोजत. दोन्ही सारखे भरत. तरी जीव टांगणीलाच.

शेवटी दोघं तिला घेऊन गेले दवाखान्यात. डॉक्टरीणबाईंनी काखेत धरून बटणाला टेबलावर उभं केलं, तर तिने असे पाय रोवले की खालचा कागदच फाटला.

"पाय ठणठणीत आहेत. घरी हिला खाली कुठे ठेवता?"

"खाली?" मास्तर दचकलेच. "छे हो! खाली टाचण्या असतात."

"मग दिवसभर असते कुठे?"

"टोपलीत, नाहीतर हिच्या मांडीवर, नाहीतर माझ्या कडेवर. डोळ्यांत तेल घालून जपतो."

"अहो, पण जमीनच दाखवली नाहीत तर ती रांगेल कशी? खाली खेळू द्या. महिन्याभरात काही हालचाल दिसली नाही, तर तपासण्या करू."

तपासण्या! तो शब्द मास्तरांच्या डोक्यातून काही केल्या जाईना.

घरी आल्या आल्या त्यांनी मोठं लोहचुंबक दोरीला बांधून खोलीभर फिरवलं. निघालेला ढीग बघून बायको म्हणाली, "अगंबाई! आपण कपडे शिवतो की टाचण्यांची शेती करतो?"

बटणाला पालथं घातलं. तिने रडून घर डोक्यावर घेतलं. हळूहळू रडणं कमी झालं, आणि एक दिवस ती सरकली. पण मागे! समोरच्या खुळखुळ्याकडे बघत बघत मागे गेली, कपाटाला टेकली आणि खुळखुळ्यावरच चिडली.

"ही तर उलटी टीप घालतेय," मास्तर हसले. पण मनातून चरकले. पुढे का जात नाही?

राहवेना, तेव्हा स्वतःच तिच्यासमोर पालथे पडले. हातांनी जोर लावला, तर तेही मागेच! "अरेच्चा! हात ढकलतात आणि पाय नुसते बघत बसतात होय?" त्यांना भलतंच नवल वाटलं.

बटणाचं मात्र त्यांच्याकडे लक्षच नव्हतं. ती टक लावून बघत होती त्यांच्या कोपराशेजारी. मास्तरांनी मान वळवली. टाचणी! पितळेची, लोहचुंबकाला न जुमानणारी.

उचलायला हात पुढे गेला, तोच बटणाने एक गुडघा पोटाखाली ओढला. मग दुसरा. आता टाचणी उचलली तर ही थांबेल. नाही उचलली तर? मास्तरांनी हात हवेतच धरला. बटण डुलली, हात पुढे टाकला, गुडघा पुढे आला. पुढे! अजून पुढे! तिचा हात टाचणीवर पडणार एवढ्यात मास्तरांनी टाचणीवर आपला तळवा दाबला.

बटण थबकली. मग चिमटीत त्यांचं बोट धरून, खाली काय दडवलंय ते बघायला उचलू लागली.

बायको धावत आली. "अहो, रडताय काय?"

"टाचणी टोचली गं," मास्तर म्हणाले. हात मात्र त्यांनी तसाच ठेवला.