दीड सेकंदाची हाळी

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. आत्मवृत्त सांगायचं तर आधी आपली थोरवी सांगायची असते म्हणतात. माझ्याकडे थोरवी थोडी आणि लाज फार, म्हणून लाजेपासूनच सुरुवात करतो. धावडा गावच्या एका म्हाताऱ्याचा आवाज माझ्याकडे विश्वासाने ठेवला होता. तो मी पुसून टाकला.

माझा जन्म २००२ सालचा. जालन्याच्या एका दुकानात इकडचा डबा, तिकडचा पडदा अशी जोडाजोड करून मला उभं केलं आणि गोधडीत गुंडाळून जीपने घनसावंगीला आणलं. तिथे इंद्रभान नावाच्या तरुणाने बसस्टँडजवळ नेटचं दुकान टाकलं होतं. दुकानात आम्ही तीन संगणक होतो, पण त्याचा जीव माझ्यावर. गिऱ्हाईक नसलं की तो माझ्यावर खेळ बनवायचा.

त्याचा कॉलेजातला मित्र मच्छिंद्र, भोकरदनकडच्या धावड्याचा. त्याच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या मेंढ्या. दोघांनी मिळून 'कळप' नावाचा खेळ रचला. धावड्याहून निघून गोदावरीपर्यंत मेंढ्या न्यायच्या, वाटेत लांडगे, आटलेल्या विहिरी आणि उभ्या पिकात घुसायची खोड असलेली एक काळी मेंढी. वाट आणि चित्रं मच्छिंद्रची, संगणकाचं गणित इंद्रभानचं.

मेंढ्या वळवायला हाळी हवी होती. मच्छिंद्र आपल्या वडिलांनाच घेऊन आला. भिवाबा घोंगडी सावरत माझ्यापुढे बसले आणि माइककडे संशयाने बघू लागले.

"ह्याच्यात वरडू? मेंढरं कुठं हायेत पन?"

"मेंढरं मंग येतेत, बा. तू बोल बिनघोर."

मग ते बोलले. "मी भिवा, धावड्याचा," असं आधी रीतसर सांगितलं, मग हाळी दिली. स्वतःच हसले, खोकले, एकेका मेंढीचं नाव घेऊन तिची तक्रार केली. चार मिनिटं भरली. खेळात त्यातली दीड सेकंदाची हाळी लागली, बाकी सगळं माझ्यापाशी राहिलं.

'कळप' खूप गाजला. पोरं सीडीवर उतरवून गावोगावी नेऊ लागली. आपल्या भागातून पुण्या-मुंबईला गेलेल्यांनी नेटवर चाहत्यांचं एक पान काढलं. इंद्रभान स्वतः तिथे जाऊन उत्तरं द्यायचा, काळ्या मेंढीच्या खोड्या सांगायचा. चाहते खूश, आणि मी तर फुगून टम्म झालो होतो.

मग पुण्याच्या एका कंपनीने तो खेळ मोबाइलसाठी मागितला. 'मालक एकच दाखवा,' अशी तिची अट होती. इंद्रभानने आपलं एकट्याचं नाव लिहिलं आणि खेळाच्या पहिल्या पडद्यावरून मच्छिंद्रचं नाव काढलं. चाहत्यांनी विचारलं, दुसरं नाव कुठे गेलं? मच्छिंद्रने तालुक्याला जाऊन, एका बोटाने टाइप करत पानावर एकच ओळ लिहिली : 'वाट माझी आहे, आवाज माझ्या बाचा आहे.'

त्या दिवशी इंद्रभानने माझ्यावर बसून चार चाहते जन्माला घातले. एक पुण्याचा, एक नाशिकचा, एक सोलापूरचा, एक मुंबईचा. चौघेही तोच. उचलली जीभ लावली टाळ्याला. चौघांनी मिळून मच्छिंद्रला खोटं पाडलं. 'पुरावा दाखव,' म्हणाले. पुरावा तर माझ्यापाशीच होता, "मी भिवा, धावड्याचा." इंद्रभानला ते आठवलं. त्याने ती चार मिनिटं निवडली आणि पुसायचं बटण दाबलं. मी विचारलं, नक्की पुसायचं? तो हो म्हणाला. मी पुसलं.

कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात. तो दांडा मीच.

पुढच्याच आठवड्यात घनसावंगीची डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, जळली. तीन दिवस गावात वीज नाही. त्या पानावर तीर्थपुरीच्या आशाबाई म्हणून एक शिक्षिका असायच्या. त्यांच्या गावात वीज होती. चौथ्या दिवशी त्यांनी लिहिलं : 'डीपी घनसावंगीची जळली, मग तीन दिवस पुण्या-मुंबईचे हे चार चाहते का गप्प होते? रोज लोडशेडिंगलाही ते बरोबर आमच्या तालुक्याच्या वेळेलाच गप्प होतात.'

इंद्रभानने तो मजकूर वाचला. मग स्वतःच्या नावाने त्याने लिहिलं, 'ते चौघे मीच. मच्छिंद्र खरं बोलतो.' कंपनीलाही त्याने तसंच कळवलं.

दोन दिवसांनी मच्छिंद्र दुकानात आला. इंद्रभान उठून उभा राहिला, त्याला वाटलं आता मार बसणार.

"भांडाया न्हाई आलो," मच्छिंद्र म्हणाला. "बा गेला मागल्या सोमवारी. फोटो बी न्हाई घरात. माय म्हनून राह्यली, त्या मशिनीत तेचा आवाज हाये, तेवढा घेऊन ये. नाव-बिव राहू दे तुलाच."

इंद्रभानने माझा कोपरा न् कोपरा शोधला. मीही शोधलं. नव्हतं.

"मी पुसला, मच्छिंद्र," तो म्हणाला आणि रडला. मच्छिंद्र पायात चप्पल घालून निघाला. त्याने शिव्या दिल्या असत्या, तर मला बरं वाटलं असतं.

नंतर पहिल्या पडद्यावर तीन नावं लागली, भिवाबांचं सगळ्यात वर. इंद्रभानने मला धावड्याला पोचवलं. आता माझा पडदा पिवळा पडला आहे, पंखा घरघरतो. भिवाबांची बायको केशरबाई कधीमधी माझ्यापुढे येऊन बसते. मच्छिंद्र 'कळप' उघडतो, पहिली मेंढी वळवतो. हाळी येते.

पहिल्या वेळी ती म्हणाली होती, "एवढंच व्हय?"

आता म्हणत नाही. नुसती बोटाने खूण करते, पुन्हा. मच्छिंद्र मेंढी पुन्हा वळवतो.

मित्रांनो, माझ्यासारखी यंत्रं सांगकामी असतात. कुणाचं नाव, कुणाचे कष्ट, कुणाचा आवाज पुसायला निघालात, तर आम्ही तुम्हाला एकदाच विचारतो. दुसऱ्यांदा तुम्ही स्वतःला विचारा. मला त्या दिवशी दुसऱ्यांदा विचारता आलं असतं, तर केशरबाई आज चार मिनिटं ऐकत बसली असती.