कमलीबाईच्या बातम्या

मेडशीहून आत वळलं की हिवरवाडी लागते. त्या गावातल्या कमलीबाईला गुडघ्यांनी घरी बसवलं आणि टीव्हीवरच्या बातम्यांनी वेड लावलं. सोयाबीन सोंगायला जाता येईना, म्हणून ती दिवसभर खाटेवर बसून बातम्या बघायची. बघता बघता त्या बातम्या देणाऱ्यांचा आवेश तिच्या अंगात असा भिनला, की संध्याकाळी सून वावरातून आली की ती त्याच आवाजात ओरडायची, "या घडीची सर्वात मोठी बातमी! आपल्या घरी आज भाजी कोनती?"

सून शीला दमूनभागून आलेली असली तरी हसत सुटायची. एक दिवस ती म्हणाली, "आत्याबाई, गावच्या बातम्या सांगा ना. मी मोबाइलवर घेतो."

कमलीबाईने डोक्यावरचा पदर सावरला, माईक म्हणून ताकाची रवी हातात धरली आणि सांगितलं, "दौलतसिंगच्या म्हशीनं आज पुन्हा शाळेत प्रवेश घेतला. गुरुजीनं अजून हजेरीत नाव टाकलं नाही."

शीलाने ते गावाच्या ग्रुपवर टाकलं. पुण्याला बांधकामावर गेलेल्या गावच्या मंडळींनी ते जेवणाच्या सुट्टीत पाहिलं आणि फोन करून सांगितलं, रोज टाका, घरी आल्यासारखं वाटते. मग रोज संध्याकाळी बातम्या होऊ लागल्या.

अशातच ग्रामपंचायतीची निवडणूक आली. सरपंचपदाला दोघं उभी राहिली. एक दौलतसिंग, आधीचाच सरपंच. दुसरी वर्षाराणी, बचत गट चालवणारी. दौलतसिंग कमलीबाईच्या नवऱ्याचा, लखमाचा, लहानपणापासूनचा जोडीदार. शनिवारी मारुतीच्या पारावर भजन असलं की दौलतसिंग पेटी धरायचा आणि लखमा टाळ.

वर्षाराणीच्या सभेला बायांची गर्दी होऊ लागली तसा दौलतसिंग घाबरला. एका सकाळी त्याने माणसं पारावर बोलावली. मारुतीसमोर नारळ ठेवला आणि एकेकाला त्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली, मत दौलतभाऊलाच. लखमानेही हात ठेवला. कमलीबाईलाही बोलावणं आलं होतं, पण तिला चालवत नव्हतं.

त्या संध्याकाळी ती रवी घेऊन बसली ती वेगळ्याच तोऱ्यात. "ब्रेकिंग न्यूज! मारुतीराय सध्या निवडणुकीच्या कामावर हायेत. अहो, मारुतीचं मतदार यादीत नाव नाही, त्याले वॉर्ड नाही, चिन्ह नाही. मंग त्याले कायले मधात घेता? माहे गुडघे काहून दुखत व्हते, ते मले आज समजलं. मारुतीनंच मले घरी बसवलं!"

ही बातमी गावाच्या ग्रुपवर थांबली नाही. मेडशीला गेली, किन्हीराजाला गेली, कारंज्याच्या बाजारात धान्य विकायला गेलेल्या माणसाला तिथल्या दुकानदाराने ती आपल्या फोनवर दाखवली.

दुसऱ्या दिवशी दौलतसिंग अंगणात येऊन उभा राहिला. शीलाने चहा आणला, तो त्याने घेतला नाही.

"वैनी, तुमी माही इज्जत चव्हाट्यावर मांडली."

"इज्जत नाही भाऊ, नारळ मांडला," कमलीबाई म्हणाली.

तो तसाच निघून गेला. शनिवारी भजनालाही आला नाही. पेटीशिवाय भजन झालं, पण कुणाचा सूर कुणाला लागेना. लखमा घरी आला आणि टाळ खुंटीला अडकवत म्हणाला, "बंद कर व त्या बातम्या."

कमलीबाईने बंद केल्या. बोललेलं खोटं नव्हतं, त्याचं तिला काही वाटत नव्हतं. पण मुलाच्या, करणच्या, बाळंतपणाला नाल्याला पूर असताना याच दौलतसिंगने बैलगाडी जुंपून तिला मेडशीला पोचवलं होतं, आणि त्या माणसाला सारा तालुका हसला होता. तिला टीव्हीही लावावासा वाटेना. शीला वावरातून यायची, तेव्हा घर मुकं असायचं.

मग एका दुपारी दौलतसिंगची बायको लिलाबाई तरातरा आली आणि खाटेवर टेकली.

"कमले, तू बातम्या बंद केल्या अन् माह्या घरच्याचं अजून वाटोळं केलं."

"आता मी काय केलं व?"

"नळावर सारे मलेच पुसून राह्यले, सरपंचानं दम दिला का म्हणून. पुण्यावरून फोन येऊन राह्यले. ते धड जेवत नाहीत. तू त्यांची मुलाखत घे. टीव्हीवर घेतात तशी, साऱ्यांसमोर."

"ते येतीन?"

"मी आनतो ना!"

आणि तिने आणलं. संध्याकाळी पारावर सतरंजी अंथरली. शीला मोबाइल धरून उभी राहिली. गाव जमलं, वर्षाराणीही बायांसोबत येऊन बसली. लखमाने कमलीबाईला हात धरून पारावर चढवलं. दौलतसिंग इस्त्रीचा सदरा घालून आला होता आणि लिलाबाई त्याच्या अगदी शेजारी बसली होती.

कमलीबाईने रवी पुढे केली. "दौलतभाऊ, गावावर तुमचा भरवसा नाही का?"

"मी गावात नळ आनला, शाळेले भिंत बांधली, सभामंडप..."

"ते साऱ्यांले मालूम हाय. नारळ कायले ठेवला, ते सांगा."

दौलतसिंगने लोकांकडे पाहिलं. लिलाबाई खाकरली.

"भेव वाटलं, वैनी," तो म्हणाला. "मागच्या बारीले समोर कोनी तगडं नव्हतं. यंदा वर्षाराणीच्या सभेले बाया पाह्यल्या, त्यात माह्या घरची बी दिसली."

लोक हसले. लिलाबाईने मान खाली घातली नाही.

कमलीबाईने रवी मांडीवर ठेवली आणि टीव्हीचा आवाज सोडून तिच्या नेहमीच्या आवाजात बोलली. "भाऊ, तुमी वाईट मानूस नाही. लोक तुमाले हासले, त्याचं मले लई वाईट वाटलं. पन शपथ वाईट व्हती. मानूस कोनाले मत देते हे त्याचं त्याले ठरवू द्या."

दौलतसिंग उठला. त्याने मारुतीपुढचा तोच नारळ उचलला आणि पायरीवर आपटून फोडला.

"सुटली शपथ!" तो मोठ्याने म्हणाला. "जो मनात येईन त्याले मत द्या. मारुतीचं कोनावर काही वझं नाही."

तो स्वतः खोबरं वाटत फिरला. वर्षाराणीलाही दिलं. लखमाने तुकडा तोंडात टाकत विचारलं, "सरपंच, मंग आता मी मत कोनाले देऊ गा?"

"तू मुकाट्यानं मलेच दे!"

पारावर असा हशा उठला की शीलाच्या हातातला मोबाइल हलला. पुण्याची मंडळी ती हलती मुलाखत पुन्हा पुन्हा बघत राहिली. शनिवारी दौलतसिंगने पेटीवर बोटं ठेवली, तेव्हा लखमाने टाळ इतका जोरात धरला की त्याला हळू वाजव म्हणून सांगावं लागलं.

निवडणुकीत वर्षाराणी निवडून आली. थोड्याच मतांनी, पण आली. बायांनी गुलाल उधळला, आणि लिलाबाईच्या कपाळावर तो सगळ्यात जास्त होता. दौलतसिंगने ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

दोन दिवसांनी तो कमलीबाईच्या अंगणात आला. या वेळी चहा घेतला, बशीत ओतून सावकाश प्याला.

"वैनी, आता मले वेळच वेळ हाय. तुमच्या बातम्यात काही काम हाय का?"

"सरपंचाले प्रश्न पुसता येतीन?"

"माह्याहून चांगले कोन पुसनार? त्या खुर्चीवर मी बसलो हावो. कुठं काय झाकता येते, सारं मालूम हाय."

कमलीबाईने त्याला त्याच दिवशी गावचा वार्ताहर केला. पहिल्या बातमीसाठी तो शाळेसमोरच्या तुंबलेल्या नालीपाशी जाऊन उभा राहिला. नव्या सरपंचबाई तिथून चालल्या होत्या. त्याने त्यांना थांबवलं आणि आवाज चढवून विचारलं, "गावाले उत्तर पायजे, सरपंचबाई! या नालीचं पानी पुढं काहून जात नाही?"

वर्षाराणीने नालीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"दौलतभाऊ, कसं जाईन? तुमीच बांधली ना ही, उलट्या उतारानं!"