हंडा 'आई' म्हणाला

पुलाअलीकडच्या चौकात मुंगी शिरायला जागा नव्हती. टेबलावर लाल कापड, कापडावर तांब्याचा हंडा, हंड्यामागे जटा वाढवलेले महाराज आणि शेजारी वृत्तवाहिनीची निवेदिका, एका हातात माईक, दुसऱ्या हातात डोळे टिपायला रुमाल. मागे पुलावर दोन्ही काठांची दंगल झाली, तेव्हापासून जी पोरं घरी आली नाहीत, ती या हंड्यातून बोलतात, असा बोलबाला होता. आणि हंडा खरंच बोलत होता.

"आई, रडू नकोस," हंड्यातून आवाज आला. मधेच काहीतरी दणकन वाजलं. "मी पुलाजवळ पडलोय."

समोरची बाई मटकन खाली बसली. तो तिच्याच मुलाचा आवाज होता. तिला सावरायला तिची नणंद वाकली. ती गावातल्या शाळेत शिकवायची. भाच्याचा आवाज तिनेही ओळखला आणि तिचं काळीज हललं. पण हे वाक्यही तिच्या ओळखीचं होतं, आणि ते तिला जास्त टोचत होतं.

"पुलाजवळ!" महाराज गरजले. "ऐकलंत? पुलाजवळ कोण बसतं? चाकातली हवा कोण काढतं? त्यानेच या लेकराचा प्राण काढला!"

"सायकलवाला!" गर्दी ओरडली.

उचलली जीभ लावली टाळ्याला! सायकलवाला पलीकडच्या काठचा, दुकानाच्या माळ्यावरच बायकामुलांसह राहणारा. याच भाच्याला त्याने सायकल शिकवली होती. पण काल हंड्यातून दुसऱ्या घरचा मुलगा बोलला, महाराजांनी अर्थ लावला आणि पलीकडच्या शिंप्याचं दुकान जळलं. शिंपी आतच होता.

"आत्म्याचं पुढचं वाक्य जाहिरातीनंतर!" निवेदिका म्हणाली आणि रुमाल खिशात ठेवून तिने पावडर काढली. गर्दीतल्या काहींनी रॉकेलचे डबे उचलले.

शिक्षिकेने मोबाईल काढला. आवाज वर्गातला निघाला. "थांबा! जाळायला जाताय ना? आधी हे ऐका."

मोबाईलमधून आवाज आला: "आई, रडू नकोस. मी पुलाजवळ पडलोय." मधेच एक दणदणीत शिंक.

"हे आमच्या शाळेचं नाटक. वाक्य मी लिहिलेलं. माझा भाचा त्यात सैनिक झाला होता. ही वाहिनीची माणसं 'मुलाच्या आठवणी दाखवतो' म्हणून घरी आली आणि चित्रीकरण घेऊन गेली. मघाशी हंड्यातही हीच शिंक वाजली. ती नाटक बघायला बसलेल्या माझ्या दादाची, पोराच्या बापाची. दादा, हात वर कर रे! महाराज, हा मनुष्य जिवंत आहे. याची शिंक परलोकात कशी पोचली?"

कुणीतरी हसलं. महाराज म्हणाले, "आत्म्यांनाही सर्दी होते."

तिने हंडा उचलला. आत स्पीकर होता. त्याची वायर कापडाखालून वाहिनीच्या गाडीत गेली होती. एकाने रागाने ती हिसडली, तसा गाडीवरचा नावाचा फलक सुटून पडला. खाली दुसरं नाव रंगवलेलं होतं, पलीकडच्या काठच्या वाहिनीचं. म्हणजे तिकडेही असाच एक हंडा असणार आणि तो आपल्या माणसांची नावं घेत असणार. दोन्ही हंड्यांचा मालक एक. मेल्याच्या टाळूवरचं लोणी खायला त्याला दोन्ही काठ चालत होते.

तरी मागून एकजण ओरडला, "ही बाई पलीकडच्यांना फितूर आहे! आईला विचारा! आईचं काळीज खोटं बोलेल का?"

सगळे मुलाच्या आईकडे वळले. नणंद तिच्याजवळ बसली. "वहिनी, सांग ना. तो तुला काय हाक मारायचा?"

तिने हंड्यावरची नजर काढली.

"वहिनी म्हणायचा," ती म्हणाली. "घरात दीर वहिनी म्हणायचे, ही वहिनी म्हणायची, तोही तेच शिकला. 'अरे, एकदा तरी आई म्हण,' म्हणून मी मागे लागायचे, तर हसत पळायचा. आई म्हणाला तो त्या नाटकात, तेही समोरच्या साडी नेसलेल्या पोरीला." तिने पदराने तोंड पुसलं. "मला पहिल्या शब्दालाच कळलं होतं. पण म्हटलं, म्हणतोय तर म्हणू दे. आता जा घरी. माझ्या पोराच्या नावाने कुणाला जाळू नका."

डबे खाली ठेवले गेले. काहीजण माना खाली घालून गेले, काहीजण नुसतेच गेले. वाहिनीवर त्या संध्याकाळी जाहिराती संपल्याच नाहीत. शिंप्याच्या घरी मात्र आता कुठलाही खुलासा पोचून उपयोग नव्हता.

लोकहो, खोटं बोलणारा आपल्याला नको ते कधीच ऐकवत नाही. आपण ज्या शब्दासाठी आसुसलेलो असतो, नेमका तोच तो आणून देतो. म्हणून जो शब्द ऐकून डोळे भरून येतील आणि मूठ वळेल, त्याच्यापाशीच थांबा आणि विचारा: हा आणला कुठून?

घरी आल्यावर वहिनी म्हणाली, "ते एकदा लाव ना."

नणंदेने लावलं. "आई, रडू नकोस," मोबाईल म्हणाला. त्यात दादा शिंकला. आणि ती रडली, खोटं आहे हे पुरतं ठाऊक असताना. पण या वेळी तिच्या रडण्याने कुणाचं घर जळणार नव्हतं.