मंगलाबाईंच्या कूलरसाठी

मित्रांनो, लोणखेड्यात सुकलाल अप्पांच्या घरी जिन्याखाली दोन काळ्या बॅटऱ्या शेजारी शेजारी ठेवल्या आहेत. त्यातली भिंतीकडची मी. छतावरचे सोलर पॅनल दिवसा वीज तयार करतात. ती आम्ही दोघी साठवतो आणि लाइट गेली की घराला देतो.

कारखान्यात माझ्या पोटात शिशाच्या प्लेटी बसवल्या, आम्ल भरले. मग ट्रकने मी शहाद्याला अभिनंदन शेठच्या दुकानात आले. एका चैत्रात अप्पा दवाखान्यातून परतताना बायकोला, मंगलाबाईंना, घेऊन तिथे आले. औषधांनी मंगलाबाईंच्या अंगाची आग व्हायची. गावात संध्याकाळी गेलेली लाइट कधी येईल याचा भरवसा नव्हता.

"अप्पा, काय काय चालवायचं?" अभिनंदनने विचारले.

"कूलर. एक पंखा. एक बल्ब."

"एका वेळी किती चालवायचं, त्यावर इन्व्हर्टर ठरतो. किती वेळ चालवायचं, त्यावर बॅटरी. दुपारचं पॅनल भागवतील. रात्री कूलर कुठवर हवा?"

"सकाळपर्यंत."

"मग दोन बॅटऱ्या लागतील, आणि इन्व्हर्टरही दोन बॅटऱ्यांचाच. एकीवर अर्धी रात्र निघेल."

मंगलाबाई स्टुलावर बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "एकच ल्या. मी आते कितला दिन शे? मंग तुमले एकलाले पंखा बी पुरस."

"माय, पाच वर्षांची गॅरंटी आहे," अभिनंदन म्हणाला.

"मन्ही कितली शे, ते इचार ना यासले," मंगलाबाई म्हणाल्या आणि स्वतःच हसल्या.

"दोन दे," अप्पा म्हणाले. "पाच वरीस कूलर चालई, आनि तू त्याना म्होरे बसशी."

अप्पांना पाच वर्षे हवी होती. दुकानात ती मिळत नाहीत. मिळाल्या त्या आम्ही.

तो उन्हाळा आम्ही मनापासून काम केले. दिवस मावळला की अप्पा मंगलाबाईंची खाट कूलरसमोर ओढायचे. दुपारी शेजारच्या बायका मिरच्यांची देठे खुडायला तिथेच येऊन बसायच्या.

"मन्ही तब्येत देखाले येतस का कूलरनी हवा खावाले?" मंगलाबाई विचारायच्या.

"हवा खावाले," शेजारच्या फुलीबाई म्हणायच्या. "तुले काय देखनं?"

अप्पा भेटेल त्याला आमचे कौतुक सांगायचे. दर महिन्याला झाकणे उघडून आमच्यात डिस्टिल्ड वॉटर घालायचे, आणि वायरीजवळची धूळ पुसायचे.

मृग लागायच्या आधीच एका सकाळी मंगलाबाई गेल्या. तेव्हा कूलर चालू होता. लोक जमले, त्यांना घेऊन गेले. कूलर रिकाम्या खाटेवर वारा घालत राहिला. शेवटी फुलीबाईंनी बटण बंद केले. आमच्यात अजून वीज शिल्लक होती.

त्यानंतर अप्पांनी कूलर लावला नाही. आता पुन्हा उन्हाळा आला आहे. अप्पा ओट्यावर टॉवेलने वारा घेत बसतात. घरात एक बल्ब जळतो. आम्ही रोज भरतो आणि तशाच राहतो. पाणी घालायला कुणी आले नाही. आतले पाणी आटत चालले आहे.

परवा अभिनंदन शेठ आला. झाकण उघडून त्याने आत पाहिले.

"अप्पा, पाणी घालत नाही का? प्लेटी उघड्या पडल्या तर या बॅटऱ्या जातील. एवढ्या मोठ्या तुम्हाला एकट्याला लागतच नाहीत. एक लहान देतो, या मी घेऊन जातो."

"तिन्हासाठे लिन्ह्या व्हत्यात," अप्पा म्हणाले. "ऱ्हाऊ दे."

शेठने पाण्याची बाटली आमच्यासमोर ठेवली आणि तो गेला. अप्पा संध्याकाळी तिथे येऊन बसले. त्यांनी बाटली हातात घेतली. बराच वेळ तशीच धरून ठेवली, मग खाली ठेवून उठले. तिचे बूच अजून उघडलेले नाही.

मित्रांनो, घरातल्या आजारी माणसासाठी बॅटरी घ्यायला गेलात, तर ती किती तास लागेल एवढेच विचारा. माणूस किती दिवस राहील, हे त्या हिशेबात धरू नका. अप्पांनी धरले नाही, म्हणून मंगलाबाई शेवटच्या रात्रीपर्यंत गारव्यात झोपल्या. आणि मागे कुणी एकटे राहिले असेल, तर त्याच्या घरी जा. पाण्याची बाटली तुम्ही उघडा. त्याच्या हातून ते होत नाही.