मामांसाठी दुपारचे डबे

पाहुण्याला घरात एकटं सोडून कामावर जायचं म्हणजे जिवाला घोर. आणि त्यात पाहुणा जन्मभर स्वयंपाकघरात दुसऱ्यांच्या चुका काढत आलेला असला, तर विचारायलाच नको.

बारकीकडे मामा येणार होते, आठ दिवसांसाठी. बारकी या नावावर जाऊ नका. बाई पन्नाशीची, चांगली भरल्या अंगाची, एका इस्पितळाच्या स्वयंपाकघराची मुख्य. तीनशे पेशंटचं जेवण तिच्या नजरेखालून जातं आणि तिने नुसती भुवई उंचावली तरी सहा आचाऱ्यांची पाचावर धारण बसते. पण एकोणिसाव्या वर्षी मामांनीच तिला त्या स्वयंपाकघरात आणलं, कांदे चिरायला बसवलं आणि बारकी म्हणून हाक मारली. ती हाक चिकटली ती चिकटलीच. मामा तेव्हा तिथले वस्ताद होते. आता निवृत्त होऊन दहा वर्षं झाली होती. मामी गेल्यापासून दुसऱ्या गावी एका खोलीत एकटेच राहत, आणि फोनवर कसे आहात विचारलं की "मजेत" एवढंच सांगत.

बारकीच्या मनात एकच होतं, मामांनी परत जाऊच नये. तीही एकटीच. नवरा जाऊन अकरा वर्षं झालेली. पण मामांना "राहा" म्हणायची सोय नव्हती. "कुणाच्या गळ्यात धोंड होणार नाही" हे त्यांचं ठरलेलं पालुपद. म्हणून तिने ठरवलं, बोलायचं नाही, दाखवून द्यायचं. तिची ड्यूटी सकाळी सहा ते तीन. म्हणजे घोडं अडत होतं ते दुपारच्या जेवणापाशी. तेवढं जर बिनबोभाट पार पडलं, तिला रजा न घेता आणि मामांना पातेलं न उचलता, तर माझा त्रास होतो असं मामा कुठल्या तोंडाने म्हणणार?

रविवारी तिने सुट्टीचा दिवस ओट्यापाशी काढला. डाळीचं घट्ट सूप, मोकळा भात, लिंबू पिळलेले मऊ हरभरे, सोललेले बटाटे, उकडलेली अंडी, काकडी घातलेलं दही. बेताच्या दातांनी चावता येईल, गार खाल्लं तरी गोड लागेल आणि गरम करायचं तर दोन मिनिटांत होईल, असं एकेक. डबे भरले, झाकणं लावली, हाताच्या सवयीने पट्ट्या चिकटवून वर तारखा घातल्या. मग फ्रीजचं दार उघडून नुसतीच बघत उभी राहिली. स्वतःचीच दृष्ट लागावी, असं ते दिसत होतं.

संध्याकाळी मामा आले. वाळले होते, पण डोळे तेच. सोमवारी पहाटे ती दारातूनच ओरडली, "फ्रीजमध्ये सगळं आहे मामा, पोटभर जेवा!" आणि पळाली.

दुपारी परत आली. "जेवलात?"

"झालं की," मामा म्हणाले.

तिने फ्रीज उघडला. डबे जसेच्या तसे. टेबलावरच्या घडातली दोन केळी तेवढी गेली होती.

मंगळवारी तेच. "भूक बेताचीच असते गं आता," मामा म्हणाले, आणि रात्री तिच्याबरोबर बसले ते तीनदा भात मागून घेतला. बारकीला काही कळेना. गरम चालतं, डब्यातलं चालत नाही. वस्तादच ते, शिळं कशाला तोंडात घालतील! तिने हट्टाने पुन्हा रांधलं, त्यांच्याच पद्धतीने, मीठ दोनदा चाखून. बुधवारी त्या डब्यांनाही कुणी हात लावला नव्हता. आणि वर रात्री ताट पुसता पुसता मामा म्हणाले, "उद्या संध्याकाळी निघतो म्हणतो. तुझी उगाच धावपळ होते."

बारकीला जा म्हणता येईना नि नको म्हणता येईना. इतका खटाटोप करून शेवटी तिच्या हातालाच चव नाही म्हणायची.

गुरुवारी मात्र तिला राहवलं नाही. जन्मात पहिल्यांदा ती अर्धी ड्यूटी टाकून साडेबारालाच घरी आली. मामा खिडकीपाशी बसून चहात टोस्ट बुडवत होते. दाराशी बॅग बांधून तयार.

"मामा! फ्रीज फुटेस्तोवर डबे भरलेत आणि तुम्ही टोस्ट चघळताय? एवढं कडू झालं का हो माझ्या हातचं?"

मामांचा टोस्ट चहात पडला. "अगं, पण ते नमुन्याचे ना?"

"कसले नमुन्याचे?"

"लाल पट्टी आहे की त्यांना!"

आता हे सांगायला हवं. इस्पितळाच्या स्वयंपाकघरात रोज शिजलेल्या प्रत्येक पदार्थाचा एक डबा बाजूला काढतात आणि लाल पट्टी लावून तीन दिवस फ्रीजमध्ये ठेवतात. एखाद्या पेशंटचं पोट बिघडलंच तर तो तपासायला पाठवायचा. लाल पट्टीच्या डब्याला हात लावायचा नाही, प्राण गेला तरी. हा नियम मामांनीच तिथे लावलेला. आणि बारकीच्या घरी पट्टीचं जे रीळ होतं ते कधीतरी इस्पितळातून पिशवीत आलेलं, लाल. तिच्या ते ध्यानातही नव्हतं.

"मला वाटलं, तिकडचा फ्रीज बिघडला असेल म्हणून घरी आणलेस," मामा म्हणाले. "काल तासभर वीज गेली, तर फ्रीजवर गोधडी टाकून बसलो. गारवा जायला नको. नमुना खराब झाला तर नोकरी तुझी जायची!"

गोधडी पांघरलेला फ्रीज आणि शेजारी उपाशी पोटी राखणीला बसलेले मामा. बारकी हसत सुटली, हसता हसता खुर्चीत बसली, आणि तिथे बसल्यावर तिला रडू फुटलं.

"अहो, पण विचारायचं ना मला!"

"काय विचारू? जेवायला काय ठेवलंस म्हणून?" मामा मान खाली घालून म्हणाले. "मला तुला दाखवायचं होतं बारके, की माझं काही लागत नाही म्हणून. दोन केळ्यांवर भागतं माझं."

ती उठली. पट्ट्या टराटरा फाडून मंगळवारी रांधलेले सगळे डबे टेबलावर मांडले आणि मामांच्या पुढ्यात ताट ठेवलं. मामा जेवायला लागले. मधेच थांबून म्हणाले, "डाळ चांगली झालीय." तीस वर्षांत हे वाक्य तिने पहिल्यांदा ऐकलं.

ते जेवताहेत तोवर कपडे तरी परत लावावेत म्हणून तिने बॅग ओढली. ती हलेना. चेन उघडली. भर उन्हाळ्यात आठ दिवसांसाठी आलेल्या माणसाच्या बॅगेत दोन जाड स्वेटर, कानटोपी, पेन्शनचे कागद, मामींचा चौकटीतला फोटो आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली स्वयंपाकाची सुरी.

"मामा, खोली?"

"सोडली."

"कधी?"

"इकडे यायच्या आदल्या दिवशी. जिना चढवत नाही आता."

"मग आज संध्याकाळी कुठे निघाला होतात?"

मामांनी अंड्याचे दोन तुकडे केले. "स्टेशनवर जाऊन ठरवणार होतो."

बारकीने आपल्या कपाटातला मधला खण रिकामा केला. साड्या पलंगावर टाकल्या, स्वेटर खणात ठेवले, मामींचा फोटो टेबलावर उभा केला. मग सुरी घेऊन आली आणि मामांच्या हातात दिली. स्वयंपाकघरात हुकूम सोडते त्याच आवाजात म्हणाली,

"उद्यापासून मी डबे भरणार नाही. दुपारचं जेवण तुम्ही करायचं. दोघांचं. मी तीनला येते."

मामांनी सुरीच्या धारेवरून अंगठा फिरवला. "बोथट झालीय," म्हणाले. मग सुरी ताटाशेजारी ठेवत, "तीनला येतेस ना? मग मीही तीनलाच जेवीन."

रोज तीनशे माणसांना वेळेवर वाढणाऱ्या बारकीसाठी अकरा वर्षांत कुणी जेवायचं थांबलं नव्हतं. ती म्हणाली, "तुम्हाला भूक लागेल मामा."

"लागू दे," मामा म्हणाले. "आता वाढ मला अजून थोडा भात."